इस्राएल आणि यहूदा पाडाव का झाले?

तरुण संघाचा शास्त्रपाठ घेणाऱ्या एका शिक्षकांनी मला पत्र लिहून विचारलं आहे : "२ राजे १७ शिकवायला घेतला की मुलं अडवतात. मूर्तींपुढे वाकले म्हणून देवाने अख्खं राष्ट्र गुलामीत धाडलं, हा कुठला न्याय? पाप केलं राजांनी आणि भोगलं रयतेनं. शिवाय अश्शूर ही तेव्हाची एवढी मोठी सत्ता होती की सोन्याची वासरं नसती तरी इस्राएलाची राजधानी शोमरोन पडलंच असतं. यावर मी काय सांगू?"

जुना करार शिकवायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. त्यातली पहिली दहाएक वर्षं मीही हा विषय चुकीच्या टोकाकडून शिकवला. मूर्ती केली, देव कोपला, शत्रू आला, राष्ट्र गेलं. मुलांना हे पटत नसेल तर त्यांचं बरोबर आहे, कारण शास्त्रात ही गोष्ट मूर्तीपासून सुरू होतच नाही. ती सुरू होते वेठीपासून.

१ राजे ५ काढा. शलमोन राजाने मंदिरासाठी लबानोनात लाकूड तोडायला सगळ्या इस्राएलातून तीस हजार माणसं वेठीला धरली. दर महिन्याला दहा हजारांची पाळी. एक महिना डोंगरात, दोन महिने घरी. मंदिर झालं, राजवाडा झाला, पण वेठ संपली नाही. शलमोनाने योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर एक हुशार, धडाडीचा तरुण मुकादम नेमला. त्याचं नाव यराबाम, नबाटाचा मुलगा. पुढे ज्याच्या नावाने सगळं बिघडलं तो माणूस आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो असा, वेठीच्या कामावर. हे मुलांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शलमोन इ.स.पू. ९३० च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. लोकांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली : तुमच्या वडिलांनी आमच्यावर ठेवलेलं जू जड आहे, तेवढं हलकं करा, आम्ही तुमची सेवा करू.

जू म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. माझे वडील नवा गोऱ्हा औताला लावायचे तेव्हा मी शेजारी उभा असायचो. बाभळीचं ते लाकूड मानेवर आलं की पहिले दोन दिवस गोऱ्हा अंग टाकून बसायचा. तिसऱ्या दिवशी उठायचा. पंधरा दिवसांनी वडील नुसतं जू उचलून धरायचे आणि तो आपणहून मान खाली घालायचा. मानेवरचे केस गेलेले असायचे आणि तिथली कातडी घट्ट झालेली असायची. इस्राएलाची तीनशे-चारशे वर्षं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती मान असते.

रहबामाला वडीलधाऱ्यांनी सांगितलं की आज तू या लोकांचा सेवक हो, ते जन्मभर तुझे होतील. त्याच्याबरोबर वाढलेल्या पोरांनी उलटा सल्ला दिला, आणि त्याने पोरांचं ऐकलं. बापाने चाबकांनी फटकावलं, मी विंचवांनी फटकावीन, असं तो भर सभेत म्हणाला. मग त्याने समजूत घालायला माणूस पाठवला तोही कोण, तर वेठीवरचा अधिकारी अदोराम. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केलं. दहा वंश फुटून निघाले आणि त्यांनी यराबामाला राजा केलं. उत्तरेचं ते राज्य इस्राएल, आणि दक्षिणेत रहबामाकडे उरलं ते यहूदा.

इथून वासरांकडे यायचं. १ राजे १२ मधल्या सव्विसाव्या वचनापासून मुलांना हळू वाचायला लावा. तिथे लेखक आपल्याला थेट यराबामाच्या मनात नेतो. हे लोक यज्ञासाठी यरुशलेमेला जात राहिले तर त्यांचं मन पुन्हा रहबामाकडे वळेल आणि ते मला मारून टाकतील, असा विचार तो करतो. देव कसा आहे, त्याला काय आवडतं, याबद्दल त्या विचारात एक अक्षर नाही. आहे ती फक्त गादीची काळजी. मग तो मसलत करतो, सोन्याची दोन वासरं घडवतो आणि लोकांना सांगतो की यरुशलेमेला जायचा तुम्हांला फार त्रास होतो. लोकांच्या सोयीसाठी! एक वासरू राज्याच्या दक्षिण टोकाला बेथेलला ठेवलं. यरुशलेम तिथून वीस किलोमीटरांच्याही आत, त्याच रस्त्यावर. वर जाणारा माणूस वाटेतच अडावा अशी जागा. दुसरं ठेवलं पार उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी दान इथे. दानमध्ये १९६६ पासून पुढे पुष्कळ वर्षं उत्खनन झालं. तिथलं उच्च स्थान, म्हणजे उपासनेचा उंचवटा, त्याच्या दगडी पायऱ्या आणि मोठ्या वेदीची जागा आज उघड्यावर पाहायला मिळते.

वासरांबरोबर त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. मला त्या वासरांपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात. याजकपण लेवी वंशाकडे होतं, तरी त्या वंशाचे नसलेले, ज्याची इच्छा होईल असे कोणीही त्याने याजक म्हणून नेमले. आणि सातव्या महिन्यातला सण उचलून त्याने आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी नेला. हा महिना त्याने आपल्याच मनाने योजला, असं शास्त्र मुद्दाम नोंदवतं. याजक राजाच्या नेमणुकीचा, जागा राजाच्या सोयीची, तारीख राजाच्या मनची. एवढं झाल्यावर त्या देवाने राजाला काही विचारायची सोयच उरली नाही.

बऱ्याच अभ्यासकांचं असं मत आहे की ती वासरं म्हणजे दुसरा कोणी देव नव्हता. परमेश्वराच्याच नावाने, त्याचं आसन म्हणून ती उभी केली होती. मला हे मत पटतं, कारण तुम्हांला मिसर देशातून आणणारे हेच, असं यराबाम सांगतो. मोशेचा भाऊ अहरोन याने सोन्याचं वासरू केलं तेव्हा सीनायच्या पायथ्याशी हेच शब्द उच्चारले गेले होते. नाव तेच, सुटकेची आठवण तीच. फक्त मिसरातून सोडवणारा तो देव आता वेठीच्या मुकादमाच्या ताब्यात. खोटी उपासना म्हणतात ती ही.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आमोस संदेष्टा त्याच बेथेलला जाऊन बोलतो, तेव्हा तिथला याजक अमस्या त्याला हाकलून देतो. कारण काय देतो पाहा. तू खोटं बोलतोस असं तो म्हणत नाही. हे राजाचं पवित्रस्थान आहे, राजमंदिर आहे, इथे बोलू नकोस, असं म्हणतो. मंदिर कोणाचं, हे याजकाच्या तोंडूनच बाहेर पडलं. परमेश्वराचं नाव घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

जरा थांबून एक सांगतो, कारण याच जागी आपल्यातले पुष्कळ उपदेश घसरतात. संदेष्ट्यांचं हे बोलणं शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायला दिलेलं नाही. आमोसाने पहिल्या दोन अध्यायांत भोवतालच्या राष्ट्रांना झापलं ते क्रूरपणाबद्दल, गर्भवती बायांची पोटं चिरल्याबद्दल, माणसं पकडून विकल्याबद्दल. उपासनेचा जाब त्याने विचारला तो करार केलेल्या स्वतःच्या माणसांना. ज्या गावात आपण राहतो तिथे हा अध्याय दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणारा पाळक माझ्या मते तो वाचतच नाही. हा अध्याय देवळात बसलेल्या आपल्यासाठी, आणि सगळ्यांत आधी व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्यांसाठी आहे.

आता नाबोथाची गोष्ट. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे मूर्तींसाठी एवढी शिक्षा का याचं, उत्तर मला तिथे सापडलं.

इस्राएलाचा पुढचा एक राजा अहाब याला इज्रेलातल्या वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. दुसरा चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे देतो, म्हणाला. वरवर पाहता गैर काही नाही. नाबोथाने नाही म्हटलं, कारण जमीन वाडवडिलांची आणि मोशेच्या नियमाप्रमाणे ती कायमची विकताच येत नाही. जमिनीचा मालक परमेश्वर, आपण तिथे पाहुणे. अहाबाला हा नियम माहीत होता, म्हणूनच तो चिडून घरी आला, तोंड फिरवून पडला आणि जेवेना. पण त्याची बायको ईजबेल होती सीदोन्यांच्या राजाची मुलगी, बआल या कनानी देवाच्या उपासनेत वाढलेली. इस्राएलात राज्य तुम्हीच करता ना, असं ती नवऱ्याला विचारते. तिच्या हिशेबात राजाच्या वर कोणी नव्हताच. नाबोथाच्या हिशेबात होता.

पुढे ती काय करते? मारेकरी पाठवत नाही. अहाबाच्या नावाने पत्रं लिहिते, त्यांवर त्याची मोहर करते आणि नाबोथाच्याच गावच्या वडील मंडळींना कळवते : उपास जाहीर करा. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा. समोर दोन नीच माणसं बसवा आणि याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष त्यांना द्यायला लावा. मग बाहेर नेऊन दगडमार करा.

तिने उपास सांगितला! साक्षीदार दोन घेतले, कारण नियमशास्त्राला दोनच लागतात. आरोपही देवनिंदेचा ठेवला. धर्माचं एकूण एक साहित्य जागच्या जागी होतं आणि एका शेतकऱ्याची जमीन लाटण्यासाठी ते वापरलं गेलं. आणि गावची ती वडील मंडळी? पत्रात होतं तसंच त्यांनी केलं. एकानेही विचारलं नाही. त्या गावात कोणी भाकरी न खाता बसलं होतं, कोणी प्रार्थना म्हणत होतं, आणि वेशीबाहेर दगड पडत होते.

उपास जाहीर करून माणूस काढताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या उमेदीतली गोष्ट, मंडळीचं नाव सांगत नाही. हिशेबाबद्दल उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या एका वडील माणसाला बाहेर काढायचं आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर तीन दिवसांची उपास-प्रार्थना जाहीर झाली. तिसऱ्या रात्री, पवित्र आत्म्याने असं दाखवलं, असं सांगून ठराव वाचला गेला. मी चटईवर बसलो होतो आणि मला सगळं माहीत होतं. मी मान खाली घालून आमेन म्हटलं. त्या माणसाची टोपी घेऊन दाराकडे जाताना दिसलेली पाठ मला अजून आठवते. इज्रेलच्या वडील मंडळींबद्दल मी जे बोलतो ते त्यांच्यातला एक म्हणून बोलतो.

म्हणजे मूर्तीसाठी राष्ट्र गेलं हे वाक्य अर्धं आहे. ज्या देवाच्या नियमाने नाबोथाचा मळा राखला जात होता तो देव बाजूला सारला, की मळा राखणारं कोणी उरत नाही. वर बआल बसला की खाली नाबोथ मरतो. संदेष्टे या दोन गोष्टी कधीच वेगळ्या करत नाहीत. आमोस म्हणतो की हे लोक नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला जोड्यांच्या जोडासाठी विकतात. आणि लगेच म्हणतो की गहाण घेतलेल्या पांघरुणांवर ते वेदीशेजारी लोळतात. गरिबाचं पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत द्यावं असा नियम होता. ते पांघरूण वेदीजवळच अंथरलेलं. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांबद्दलही तो बोलतो, आणि शोमरोनाच्या उत्खननात हस्तिदंती कोरीवकामाचे शेकडो तुकडे खरोखर निघाले.

आता अश्शूर. मुलांचा तिसरा प्रश्न रास्त आहे, तो टाळू नका. तिग्लथ-पिलेसर तिसरा इ.स.पू. ७४५ ला गादीवर आल्यावर त्या पट्ट्यातली छोटी राज्यं एकामागून एक पडली. दमास्कस इ.स.पू. ७३२ ला पडलं, त्याची वासरांशी काही भानगड नव्हती. शास्त्रालाही हे ठाऊक आहे. पण अश्शूराची पावलं वाजायला लागली तेव्हा पुढाऱ्यांनी काय केलं, ते शास्त्र एकेक करून सांगतं.

मनहेमाने खून करून गादी घेतली होती. राज्य आपल्याच हाती पक्कं राहावं म्हणून त्याने अश्शूरच्या राजाला एक हजार किक्कार चांदी दिली. ती आणली कुठून? धनवान माणसांकडून प्रत्येकी पन्नास शेकेल वसूल करून. मुलांना फळ्यावर गणित करू द्या. एका किक्काराचे तीन हजार शेकेल, म्हणजे हजार किक्काराचे तीस लाख. भागिले पन्नास, साठ हजार माणसं. आजच्या वजनात ही चांदी तीसेक टनांच्या वर जाते. साठ हजार घरांतून पैसा गोळा केला तो एका माणसाची खुर्ची टिकावी म्हणून. अश्शूरच्या शिलालेखांतही खंडणी देणाऱ्यांत शोमरोनाच्या मनहेमाचं नाव आहे. आणि धनवानाने आपले पन्नास शेकेल खालून कोणाकडून काढले असतील, ते गावाकडच्या मुलांना समजावून सांगायची गरज नाही.

दक्षिणेत यहूदाच्या आहाजाने तर आणखी पुढची पायरी गाठली. अराम, म्हणजे दमास्कसचं राज्य, आणि इस्राएल चालून आले तेव्हा त्याने अश्शूरला निरोप धाडला : मी तुझा दास आणि तुझा पुत्र आहे, ये आणि मला सोडव. सोबत परमेश्वराच्या मंदिरातलं सोनं-चांदी पाठवलं. दावीदाच्या गादीवरच्या राजाला दुसरा एकच बाप असायला हवा होता. आहाजाने बाप बदलला. मग तो अश्शूरी राजाला भेटायला दमास्कसला गेला, तिथली वेदी त्याला आवडली, तिचा नकाशा आणि मापं त्याने यरुशलेमेला उरीया याजकाकडे पाठवली, आणि राजा परत येण्याआधी उरीयाने तशीच वेदी बांधून तयार ठेवली. २ राजे १६ मध्ये उरीयाचं एकही वाक्य नाही. तो बोलत नाही, हरकत घेत नाही, राजाने आज्ञा केली तसं करतो, बस्स. याजकाने असं असू नये एवढं जरी तुमच्या मुलांच्या ध्यानात राहिलं तरी माझं काम झालं.

आहाजाच्या मानेवर अश्शूरने जू ठेवलं नाही. त्यानेच मान पुढे केली.

शोमरोनचा शेवट लवकर सांगून होतो. होशे राजा एकीकडे अश्शूरला खंडणी देत होता, दुसरीकडे मिसरकडे दूत पाठवत होता. होशेय संदेष्ट्याने या कारभाराला भोळ्या कबुतराची उपमा दिली. मिसरला हाक मारतं आणि अश्शूरकडे उडतं. शल्मनेसराने तीन वर्षं वेढा दिला आणि इ.स.पू. ७२२ ला शहर पडलं. त्याच्यामागून आलेल्या सर्गोनाने २७,२९० माणसं नेल्याचं कोरून ठेवलं आहे. त्यांना हलह, हाबोर नदीकाठचं गोजान आणि मेदी लोकांची नगरं इथे नेऊन बसवलं, आणि त्यांच्या घरांत बाबेल, कूथा, हमाथ इथून आणलेले लोक बसवले. बेथेलच्या वासराचं काय होणार तेही होशेयाने आधीच सांगितलं होतं : तेही अश्शूरला नेलं जाईल, राजाला नजराणा म्हणून. ज्याने लोकांना उचलून न्यायचं, त्यालाच उचलून न्यावं लागलं.

यहूदा आणखी एकशे पस्तीस वर्षं टिकला, मग बाबेलच्या हाती पडला. मनश्शेची पंचावन्न वर्षं आणि त्याने सांडलेलं निर्दोष रक्त मी इथे घेत नाही, तुम्ही ते शिकवताच. मला यहोयाकीम राजापाशी थांबायचं आहे.

त्याचा बाप योशीया. मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं आणि शाफान चिटणिसाने ते वाचून दाखवलं तेव्हा योशीयाने आपली वस्त्रं फाडली. त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी, नवव्या महिन्यात, म्हणजे थंडीच्या दिवसांत, यहोयाकीम हिवाळी महालात बसला होता. पुढे शेगडी पेटलेली. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेला आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेला पट कोणीतरी वाचून दाखवत होतं. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. पुढचे तीन-चार रकाने, पुन्हा चाकू, पुन्हा शेगडी. सगळा पट संपेपर्यंत. त्याने तो ऐकला, सगळा ऐकला, आणि ऐकता ऐकता जाळला. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. बापाने एका राजाला पुस्तक वाचून दाखवलं होतं आणि त्याची वस्त्रं फाटलेली पाहिली होती. मुलाने त्याच राजाच्या मुलाला पुस्तक कापताना पाहिलं. कोणी भ्यालं नाही, कोणी वस्त्रं फाडली नाहीत, असं लिहिलं आहे.

हाच यहोयाकीम मजुरी न देता लोकांकडून महाल बांधून घेत होता, मोठ्या खिडक्यांचा, गंधसरूच्या तक्तपोशीचा, हिंगुळाने रंगवलेला. यिर्मया २२ मध्ये संदेष्टा त्याला विचारतो : गंधसरूच्या चढाओढीने तू राजा होतोस काय? तुझा बाप खात-पीत होता आणि गरिबाचा न्याय करत होता. मला ओळखणं म्हणतात ते हेच ना, असं परमेश्वर विचारतो. सगळ्या जुन्या करारात उपासनेची याहून उघड व्याख्या मला माहीत नाही. वेदी दमास्कसच्या नमुन्याची असो की शलमोनाच्या, गवंड्याची मजुरी बुडवून तिच्यापुढे उभा राहिलेला राजा देवाला ओळखत नाही. मंदिर तर तेच होतं, खरं होतं. त्याच्या दारात उभं राहून यिर्मयाने सांगितलं की परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर असं घोकत बसू नका, पूर्वी जिथे उपासनेचं ठिकाण होतं त्या शिलोला जाऊन पाहा काय उरलंय ते.

रयतेचा प्रश्न राहिला. पाप राजांचं आणि भोग रयतेचा, हे गाऱ्हाणं नवं नाही; पाडाव झालेले लोकच ते बोलत होते. आईबापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हणच पडली होती, आणि यहेज्केल १८ तिलाच उत्तर देतो. पण रयत काही नुसती प्रेक्षक नव्हती. आकाशराणी नावाच्या देवीसाठी मुलं लाकडं वेचत, बाप विस्तव पेटवत, बाया कणीक तिंबत. सगळं घर हौसेने लागलेलं. यिर्मया ५ च्या शेवटी आहे की संदेष्टे खोटं सांगतात, याजक त्यांच्या तंत्राने चालतात, आणि माझ्या लोकांना हेच आवडतं. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या या खोट्या संदेष्ट्याने भर मंदिरात मोडून दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगितलं, तेव्हा लोकांना कोणाचं ऐकावंसं वाटलं असेल?

तरीही निर्दोष माणसंही त्यात भरडली गेली, हे मुलांना स्पष्ट सांगा. यिर्मया स्वतः चिखलाच्या हौदात उतरवला गेला. विलापगीतात आईच्या मांडीवर भुकेने जीव सोडणारी लेकरं आहेत. त्यांनी कुठल्याही मूर्तीला धूप जाळला नव्हता. मी कधीच त्यांच्या वाट्याला आलेलं देवाच्या न्यायात बसवून दाखवत नाही. पुढारी बेइमान झाला की किंमत सगळ्यांत आधी तीच लेकरं मोजतात, म्हणूनच संदेष्टे पुढाऱ्यांवर एवढे तुटून पडले.

शेवटची गोष्ट यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याची, यिर्मया ३४. तुमच्या शास्त्रपाठाची सुरुवात याच अध्यायापासून करा असं मी सुचवीन. बाबेलचा वेढा पडलेला. घाबरलेल्या राजाने मंदिरात करार करवला : प्रत्येकाने आपले इब्री दास-दासी सोडून द्यावेत. सातव्या वर्षी त्यांना सोडायचा नियम मोशेपासून होता, पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाळला नव्हता. करार पक्का करायला एक वासरू कापून दोन भाग केले आणि सरदार, याजक, लोक त्यांच्या मधून चालत गेले. दासदासी सुटले. मग मिसरची फौज निघाल्याची बातमी आली, बाबेलने काही काळ वेढा उठवला, धोका टळलासा वाटला, आणि मालकांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणलं. यिर्मया त्यांना म्हणाला की तुम्ही भावाला मोकळं केलं नाहीत, तर मी तुम्हांला मोकळं करतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला.

यहूदातल्या लाखीश या तटबंदीच्या शहराच्या अवशेषांत १९३५ ला खापरांवर शाईने लिहिलेली काही पत्रं सापडली, साधारण याच दिवसांतली. त्यातल्या एकात लिहिणारा वरच्या अधिकाऱ्याला कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्याच्या जाळाकडे डोळे लावून आहोत, कारण शेजारच्या अजेका किल्ल्याचा जाळ दिसत नाही.

इ.स.पू. ५८६ च्या उन्हाळ्यात तटाला भगदाड पडलं. सिद्कीया रात्री राजाच्या बागेकडच्या दरवाजाने पळाला, यरीहोच्या मैदानात सापडला. रिब्ला इथे त्याच्या देखत त्याच्या मुलांना मारलं, मग त्याचे डोळे काढले, आणि पितळी बेड्या घालून त्याला बाबेलला नेलं. महिन्याभराने गारद्यांचा नायक नबूजरदान आला, त्याने मंदिर आणि राजवाडा जाळला आणि उरलेल्यांना पाडाव करून नेलं.

पण यिर्मया ३९ चं दहावं वचन वगळू नका. मीच ते पुष्कळ वर्षं वगळत होतो. ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं अशा गरिबांना नबूजरदानाने यहूदात मागे ठेवलं, आणि त्याच वेळी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली.